हट्ट कोणाचा?

दिवाळीच्या सुटीत मी पिंपळगाव राजाला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. खामगाव तालुक्यातले, ज्ञानगंगेच्या काठचे हे गाव तुमच्यापैकी काहींच्या पायाखालचे असेल. सोयाबीन घरात येऊन पडले होते, कपाशीची वेचणी सुरू झाली होती आणि वेचायला बाया मिळत नाहीत ही दरवर्षीची ओरड याही वर्षी होती. मी मात्र गेलो होतो पाहुणा म्हणून. आणि पाहुणा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा असला तर त्याला चहाबरोबर एखादा प्रश्नही घ्यावा लागतो. या वेळचा प्रश्न म्हणजे माझा साडेतीन वर्षांचा भाचा.

“मास्तर,” बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, “हे पोरगं लई हट्टी हाय. याच्या आज्याचा हट्ट याच्यात उतरला. रक्तातच हाय, त्याले कोण काय करीन?”

आजोबा ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आपल्याविषयी हे ऐकण्याची त्यांना चाळीस वर्षांची सवय आहे.

बहिणीचे निदान निराळे होते. ते तिने मला स्वयंपाकघरात, कढईच्या आवाजाआडून सांगितले : सारा दोष आजीच्या लाडाचा. मेहुण्यांचे तिसरेच. ते म्हणाले, “दादा, हे सगळं मोबाईलचं आहे.” रक्त, लाड आणि मोबाईल. तिन्ही निदाने परस्परांहून वेगळी, पण एका बाबतीत तिघांचे एकमत होते. दोष कोठेतरी एका जागी बसलेला आहे आणि तो तेथून उपटून काढला की मूल सुधारेल, असे तिघांनाही वाटत होते. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या समजुतीविषयीच.

त्याच संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. किराणा दुकानाच्या दारावर रंगीत पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, त्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्या नेमक्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या नजरेला पडतील अशाच लावलेल्या असतात. भाच्याने बोट दाखवले. बहीण म्हणाली, “नाही.” त्याने पुन्हा मागितले, पुन्हा “नाही.” मग सूर चढला, मग पाय आपटणे झाले, आणि मग स्वारी सरळ रस्त्यावर आडवी झाली. चार माणसे थांबली. एक सायकलवाला उतरून पाहू लागला. आजीने कमरेचा बटवा सोडला, दहाची नोट काढली, पुडा त्याच्या हातात दिला. रडणे नळ बंद करावा तसे थांबले. “बघा,” आजी मला म्हणाल्या, “सांगितलं ना मी? रक्तातच हाय.”

आता या पाच मिनिटांकडे जरा थंडपणे पाहू या. मूल काय शिकले ते उघड आहे. साध्या मागण्याने मिळत नाही, आडवे पडले की मिळते. पण शिकले ते एकटेच नव्हे. आजीही शिकली. पुडा दिला की कानठळ्या बसवणारे रडणे थांबते, लोकांच्या नजरा वळतात आणि जिवाला स्वस्थता मिळते, ही गोष्ट तिच्या हाताला पुन्हा एकदा पटली. उद्या तो हात बटव्याकडे आणखी लवकर जाईल. मुलाला पुड्याचे बक्षीस मिळाले, आजीला शांततेचे. दोघांनी एकमेकांना पढवले, आणि दोघांपैकी कोणालाही आपण शिकवतो आहोत किंवा शिकतो आहोत याची गंधवार्ता नव्हती. माझी बहीणसुद्धा एक धडा शिकली : आपल्या “नाही”ला काही किंमत नाही.

अमेरिकेत जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने घराघरांत निरीक्षक पाठवून अशा भांडणांच्या क्षणाक्षणाच्या नोंदी करवून घेतल्या. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने या फासाचे फार बारकाईने वर्णन केले आहे. एकाने ताणायचे, दुसऱ्याने सोडायचे. सोडल्याने ताणणारा बळावतो आणि सुटकेच्या आनंदाने सोडणाराही पुन्हा सोडायला तयार होतो. घरात कोणी दुष्ट नसते. तरी फास आवळत जातो.

मुलाच्या वाढीकडे पाहण्याची ही जी दृष्टी आहे, तिला आपण सोयीसाठी ‘वर्तनव्यवस्थेची दृष्टी’ म्हणू. शब्द जड आहे, पण त्याचा अर्थ घरगुती आहे. सिडनी बिजू आणि डोनाल्ड बेअर या दोघांनी १९६१ साली एक लहानसे पुस्तक लिहून असा विचार मांडला, की मुलाचा विकास म्हणजे मुलाच्या पोटात आपोआप उलगडणारी घडी नव्हे, तशीच ती बाहेरून ओतलेली मूसही नव्हे. मूल आणि त्याचा परिसर यांच्यात जी सतत देवघेव चालते, त्या देवघेवीत होणारा क्रमाक्रमाचा बदल म्हणजे विकास. पुढे गॅरी नोव्हाक आणि मार्था पेलाएझ यांनी २००४ साली याच दृष्टीने बाल्यापासून कुमारवयापर्यंतचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी त्या देवघेवीला ‘व्यवस्था’ या कल्पनेची जोड दिली. व्यवस्था म्हणजे जिचा एक भाग हलला की बाकीचेही हलतात ती. बैलगाडीचे एक चाक बदलले की नुसते चाक बदलत नाही. गाडीचा तोल बदलतो, जुवाचा भार बदलतो आणि बैलाची चालही बदलते. तसेच हे.

वर्तनवाद म्हटले की जाणकारांच्या कपाळाला आठी पडते हे मला ठाऊक आहे. त्याला कारणही आहे. या पंथाचे आद्य पुरुष जॉन वॉटसन यांनी १९२८ साली आईबापांसाठी एक पुस्तक लिहिले आणि त्यात मुलांना कवटाळू नका, मुके घेऊ नका, सकाळी हवे तर हस्तांदोलन करा, असा उपदेश केला. आपल्या आज्यांच्या हाती ते पुस्तक पडले नाही हे फार बरे झाले. पण एका माणसाच्या कोरडेपणावरून सगळा विचार टाकून देणे बरोबर नाही. नंतरच्यांनी मुलाला जवळ घेण्याचे मोल ओळखले, इतके की मोठ्यांचे लक्ष हेच मुलाचे सर्वांत मोठे बक्षीस, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले.

त्यातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालवर्गात साडेतीन वर्षांच्या आसपासची एक मुलगी आली. तिला चालता येत असे, पण ती बहुतेक वेळ जमिनीवर बसून किंवा रांगून काढी. नवी जागा, नवी माणसे, मुलगी बुजलेली. शिक्षिका प्रेमळ होत्या. ती जमिनीवर बसली की त्या तिच्याजवळ जात, तिची समजूत घालीत, तिला उठवू पाहत. म्हणजे काय होत होते? खाली बसले की माया मिळत होती. मग त्यांनी ठरवून उलटे केले. ती उभी राहिली, दोन पावले टाकली, की लगेच जवळ जायचे, बोलायचे, कौतुक करायचे. बसली की तिला कोणताही त्रास न देता आपल्या कामाला लागायचे. आठवडाभरात मुलगी इतरांसारखी हिंडूफिरू लागली. पण हे आपल्या लक्षामुळेच झाले की योगायोगाने? हे पाहण्यासाठी त्यांनी थोडा वेळ पुन्हा जुनीच रीत सुरू केली. मुलगी पुन्हा जमिनीवर! मग नवी रीत परत आणली, मुलगी परत उभी. १९६४ साली हा वृत्तांत छापला गेला. मुलगी एकच, तिचे रक्त तेच, घरही तेच. बदलले होते ते शिक्षिकांच्या मायेचे वेळापत्रक.

“मग मूल म्हणजे कळसूत्री बाहुलीच की!” असे तुम्ही म्हणाल. माझे विद्यार्थीही दरवर्षी असेच म्हणतात. पण बाहुलीच्या दोऱ्या एकाच बाजूने ओढल्या जातात, येथे त्या दोन्ही बाजूंनी ओढल्या जातात. रात्री दोन वाजता तान्हे मूल रडते आणि घरातली चार मोठी माणसे उठून धावतात. येथे कोण कोणाला नाचवते? शिवाय प्रत्येक मूल आपापला स्वभाव घेऊन येते. एक लगेच बिचकते, दुसरे बिनधास्त असते. बिचकणाऱ्याला घर जपते, त्यामुळे ते आणखी बिचकते. बिनधास्ताला घर मोकळे सोडते. एकाच छपराखाली, एकाच आईच्या पोटची दोन भावंडे दोन वेगळ्या घरांत वाढतात म्हटले तरी चालेल. रक्त नाही असे नव्हे. रक्त एकटे काम करीत नाही, एवढेच.

आणि ‘भोवताल’ म्हणजे नुसती माणसे, बक्षिसे आणि शिक्षा असेही समजू नका. मुलाचे स्वतःचे शरीर हाही त्या व्यवस्थेचा एक भाग आहे. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण पायांचे आहे.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला काखेत धरून उभे केले आणि पाय जमिनीला टेकवले तर ते चालल्यासारखी पावले उचलते. आपल्याकडच्या सुइणींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दोनेक महिन्यांत हे पाऊल उचलणे नाहीसे होते, आणि खरे चालणे वर्षाच्या सुमाराला येते. मधल्या काळात ते कोठे जाते? जुने उत्तर असे, की मेंदू वाढला आणि त्याने ही आदिम हालचाल दाबून टाकली. एस्थर थेलेन या संशोधिकेला हे पटेना. तिने पाहिले, की तीच बाळे पाठीवर पडली असताना तशाच लाथा मजेत झाडतात. मेंदूने दाबली म्हणावी तर निजल्यावर कशी परत येते? तेव्हा तिने मेंदूकडे न पाहता मांड्यांकडे पाहिले. पहिल्या दोन महिन्यांत बाळ अंग धरते, पायांवर चरबी चढते. पाय जड होतात आणि उचलण्याची ताकद मागे पडते. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाळांच्या पायांना लहानशी वजने बांधली, तर पावले कमी झाली. बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरले, तर पाण्याने भार उचलला आणि पावले वाढली! पाऊल मेंदूतून पुसले गेलेच नव्हते. ते मांडीच्या वजनाखाली दबले होते.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ‘हे मूल करीत नाही’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा खरे असते ते एवढेच, की या जागी, या भाराखाली, या वेळी ते करीत नाही. पाणी बदलून पाहिलेले नसते.

आपल्या घराघरांत बाळाला तेल लावून, चोळून, पायांवर पालथे घालून न्हाऊ घालतात. यात नुसती स्वच्छता आहे असे शहाणी माणसे समजतात. केनियातील किप्सिगिस लोकांचा अभ्यास करून चार्ल्स सुपर यांनी १९७६ साली दाखवले, की त्यांची बाळे अमेरिकन बाळांपेक्षा लवकर बसतात आणि लवकर चालतात. कारण तेथील आया बसण्याचा आणि चालण्याचा मुद्दाम सराव करून घेतात. पण रांगण्याला तेथे कोणी उत्तेजन देत नाही, आणि रांगण्यात ती बाळे काही पुढे नसतात. आफ्रिकेतले रक्त वेगवान असते तर ते रांगतानाही वेगवान असायला हवे होते. ज्याला घराने हात दिला तेवढेच पुढे सरकले.

हे सारे परदेशातले पुरावे झाले. पण खरे सांगायचे तर ‘मुलाकडे पाहू नका, त्याच्या भोवतीच्या मांडणीकडे पाहा’ हे आपल्याकडे कोणी प्रत्यक्ष करून दाखवले असेल, तर ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंचा काही वर्षांचा संसार आपल्या अमरावतीत झाला, हे वऱ्हाडातही फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण वस्तीतली गरीब मुले तिकडे फिरकेनात. आता कोणीही म्हणाले असते, ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही.’ ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. आज देशभर गावोगाव ज्या नावाची पाटी दिसते आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने जे नाव सगळीकडे पोहोचवले, ते असे एका अडचणीतून जन्माला आले.

कोसबाडला अडचण आणखी वेगळी. मुले गुरांमागे रानात, आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे. सहा-सात वर्षांची पोर आपल्याएवढ्याच वजनाचे भावंड घेऊन शाळेत कशी येणार? आली तर ते रडणार, मास्तर रागावणार, ती उठून जाणार. मग शिक्का बसणार : ‘मुलगी अनियमित’. या दोघींनी काय करावे? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. गुरे वळणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. त्यांनी मुलीला उपदेश केला नाही. तिच्या कडेवरचे ओझे उतरवले. थेलेनबाईंनी पाण्यात धरलेल्या बाळासारखेच हे, फक्त पंचवीसेक वर्षे आधी आणि कोणत्याही प्रयोगशाळेवाचून.

आपल्या बुलढाण्याच्या गावांतही वेचणीच्या दिवसांत हे चित्र काही अगदी नाहीसे झालेले नाही. आई पहाटे भाकरी बांधून शेतात जाते. तान्हे बाभळीला बांधलेल्या झोळीत, नाही तर घरी आजीजवळ. मधले मूल अंगणवाडीतून दुपारी परतते तेव्हा घरात कोणी नसते. आणि मग नेमके कार्तिक-मार्गशीर्षात शेजारणी एकमेकींना सांगतात, “काय माहीत बाई, पोरगा आताशा चिडचिडा झाला.” कपाशी आणि चिडचिड यांचा संबंध कोणी जोडत नाही.

इतके सांगितल्यावर मला माझी एक चूक सांगणे भाग आहे. नाही तर हे सारे फारच सोपे वाटेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कुटुंबातली मुलगी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिची आई माझ्याकडे आली. मी त्या वेळी नुकतेच हे विषय वर्गात शिकवू लागलो होतो, आणि नवे अवजार हाती आले की माणसाला सगळीकडे खिळेच दिसतात. मी दोन दिवस पाहिले. मुलगी बोट दाखवी, आई वस्तू देई. मुलगी हात धरून ओढी, मोठा भाऊ तिच्या वतीने बोले. मला वाटले, सापडले! बोलल्यावाचूनच सारे मिळते, मग बोलावे कशाला? मी आईला सांगितले : खुणेला देऊ नका, थांबा, शब्द उच्चारू द्या, मग द्या.

माऊलीने माझे ऐकले. पाण्याचा पेला हातात धरून ती “पाणी म्हण, पाणी म्हण” म्हणत थांबे, आणि मुलगी पेल्याकडे बोट दाखवून रडे. हे पाच महिने चालले. मग अंगणवाडीत मुलांची आरोग्य तपासणी करणारे सरकारी पथक आले. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या पाठीमागे उभे राहून टाळी वाजवली. मुलीने वळून पाहिले नाही. पुढच्या तपासणीत निघाले ते असे, की तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होते. जो शब्द तिने कधी नीट ऐकलाच नव्हता, तो ती म्हणणार कसा?

माझ्या विद्वत्तेपायी त्या मुलीचे पाच महिने गेले, आणि वाणी फुटण्याच्या वयात पाच महिने म्हणजे थोडे नव्हेत. तिच्या आईने मला एक अक्षराने दोष दिला नाही. त्यामुळे ते अधिकच लागले. चूक सिद्धांताची नव्हती. शरीर हाही व्यवस्थेचा भाग आहे हे मी वर्गात फळ्यावर लिहीत होतो आणि शेजारच्या घरात विसरलो होतो. रक्ताला दोष देणाऱ्या आजीसारखाच मीही एक जागा धरून बसलो होतो, फक्त माझी जागा इंग्रजी पुस्तकातली होती.

म्हणून तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे मूल असेल, तर एवढे जरूर करा. वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षे पुरी झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, नजरेला नजर देत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावू लागले असेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञाला दाखवा. “याचा बापही उशिराच बोलला होता” असे म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याची पथके अंगणवाड्यांतून आणि शाळांतून जातात. अंगणवाडीताईला विचारा, पथक केव्हा येणार आहे ते तिला ठाऊक असते. लाडाने मूल मुके होत नाही. आणि मुक्या राहिलेल्या मुलाच्या आईला आधीच पुष्कळ बोलणी खावी लागतात. त्यांत आपली भर नको.

आता भाच्याकडे परत येऊ. त्याचे कान उत्तम होते. कुजबुजत “जिलबी” म्हटले तरी तो वाड्याच्या दुसऱ्या टोकाहून येई. तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सगळे ओसरीवर बसलो आणि मी त्यांना दुकानासमोरची पाच मिनिटे पुन्हा सांगितली. कोणाला दोष न देता, कोणामागून काय झाले एवढेच. आजी जरा रागावल्या. “म्हणजे मीच बिघडवलं म्हणता का?” मी म्हटले, “आजी, तो तुम्हांला बिघडवतो आहे.” यावर आजोबा पहिल्यांदा हसले.

ठरले ते अगदी साधे होते. बाजाराच्या दिवशी त्याला एक पुडा मिळायचा, पण दुकानाशी पोहोचताच, रडण्याच्या आधी, आणि तो त्याने तोंडाने मागायचा. एरवी त्या दुकानापुढून जायचेच नाही. वळसा पडला तरी मागल्या गल्लीने जायचे. लहानशी पिशवी त्याच्या हातात द्यायची, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत आणि तो कामाचा माणूस होतो. आणि रडून आडवा झालाच तर कोणी ओरडायचे नाही, मारायचे नाही, पण पुडाही द्यायचा नाही. जवळ उभे राहायचे, शांत झाला की मग कडेवर घ्यायचे. मी एक इशारा देऊन ठेवला होता, तोच तुम्हांलाही देतो. पहिले काही दिवस रडणे कमी होणार नाही, वाढेल. जे दार आजवर उघडत होते ते उघडेना झाले की माणूस आधी जोराने धक्के मारतो. त्या वेळी पाचव्या धक्क्याला दार उघडले, तर मूल शिकते ते असे, की धक्के पाच मारावे लागतात. कधी मिळते, कधी मिळत नाही अशा बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला विचारा.

चौथ्या दिवशी स्वारी चुकून मोठ्या रस्त्यावर आली आणि असा टाहो फोडला, की मला माझीच डिग्री आठवेना. बहीण दात आवळून उभी होती. आजी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, पण बटव्याला त्यांनी हात लावला नाही. आम्ही जवळजवळ जिंकलो होतो. इतक्यात पलीकडच्या टपरीवरून एक सद्गृहस्थ उठले, “लेकराले रडवता कायले, बाप्पा?” म्हणाले आणि आपल्या पैशांनी पुडा घेऊन भाच्याच्या हातात ठेवून गेले. व्यवस्था म्हणजे केवढी, याचा मला त्या क्षणी साक्षात्कार झाला. मी आजी, आई, बाप, आजोबा सगळे मोजले होते. गाव मोजले नव्हते.

तरी सुट्या संपेपर्यंत फरक दिसू लागला होता. मी निघालो त्या दिवशी तो पिशवी घेऊन माझ्याबरोबर मोटार स्टँडपर्यंत आला. वाटेत दुकान लागले. त्याने माळांकडे पाहिले, आजीकडे पाहिले, आणि म्हणाला, “आज बाजार नाही ना?” आजी म्हणाल्या, “नाही.” तो पुढे चालू लागला.

गेल्या पंधरवड्यात बहिणीचा फोन आला. वेचणीचा दुसरा फेरा चालू आहे, ती दिवसभर शेतात असते, आणि पोरगा संध्याकाळी पुन्हा थोडा कुरकुरतो, पण आडवा पडत नाही. अंगणवाडीतून आल्यावर तो आजीबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसतो, निम्म्या खातो. मग फोन आजींनी घेतला. आवाज हळू करून, आजोबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने त्या म्हणाल्या, “मास्तर, एक विचारू का? हे तुमचं आज्यावर चालीन काय?”

मी म्हटले, “आजी, ती मांडणी चाळीस वर्षांची आहे. पण मागितल्यावाचून चहा देऊ नका, एवढे करून पाहा.”

पलीकडून काही वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “थांबा, आधण ठेवलं होतं. ते उतरवून येतो.”